पन्नास मीटरवरचं भोक

.२२ रायफलची गोळी कागदाला साधारण ५.६ मिलिमीटरचं भोक पाडते. पन्नास मीटरवरून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण तेवढ्या अंतरावर निरोगी डोळाही साधारण १५ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू शकत नाही. त्यातून भोक काळ्या वर्तुळात पडलं, तर काळ्यावर काळं!

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर कांस्यपदक जिंकलं. तिथे प्रत्येक गोळीचे गुण पडद्यावर उमटतात. कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला मात्र स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लक्ष्य न्याहाळायची दुर्बीण, लागतो.

घेताना दुकानदार ६० पटीचं आमिष दाखवेल. भुलू नका. २० पटीत ते भोक स्वच्छ दिसतं. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा: ६० मिलिमीटरच्या भिंगातून २० पटीला ३ मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, ६० पटीला जेमतेम १. चित्र अंधारतं.

आणि आपलं छत्रपती संभाजीनगरचं ऊन! एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखं हलतं. पट वाढवली की ही थरथरही वाढते. पण तिचा उपयोग आहे: फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणा, लहरी ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा वाहतोय.

पालथं झोपून नेम धरणाऱ्यानं तिरक्या नेत्रिकेचाच स्कोप घ्यावा. मान किंचित वळली की डोळा तिथे पोहोचतो, खांद्यावरची रायफल हलत नाही.