मोटार विम्यातील खंड आणि भुर्दंड

मुंबई-गोवा महामार्गावरील माणगाव हे दक्षिण रायगडचे नाके होय. येथून निजामपूर व ताम्हिणी घाटमार्गे पुण्याकडे, तर मोर्बे व म्हसळामार्गे श्रीवर्धनकडे रस्ते जातात. या परिसरातील अनेक घरांतील कर्ती माणसे नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस, तर काही आखाती देशांत असतात. साहजिकच अंगणात ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभी असलेली मोटार हे येथील नेहमीचे दृश्य आहे. वर्षादोन वर्षांनी मालक परततो, किंवा आजारपणामुळे गाडी चालविणे थांबविलेली व्यक्ती पुन्हा चालविण्याचे ठरविते, तेव्हा विम्याचा हप्ता एकदम वाढलेला आढळतो. गाडी चालविण्यात खंड पडला म्हणून हा दंड बसला, अशी समजूत होते. ती बरोबर नाही. वस्तुस्थिती काय आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हप्त्याचे दोन भाग

मोटारीच्या सर्वसमावेशक विम्याच्या हप्त्यात मुख्यतः दोन भाग असतात. पहिला तृतीय पक्ष विम्याचा. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या जीवितास वा मालमत्तेस हानी पोहोचल्यास द्यावयाची भरपाई यातून मिळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी हा विमा सक्तीचा आहे. त्याचे दर विमा कंपन्या ठरवीत नाहीत. ते शासकीय अधिसूचनेद्वारे ठरतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० घन सेंटिमीटरच्या मोटारीस ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस ७,८९७ रुपये वार्षिक हप्ता निश्चित झाला. कर वेगळा. चालकाने मध्यंतरी किती काळ गाडी चालविली नाही, याचा या रकमेशी काहीही संबंध नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर, वादळ यांपासून संरक्षण देणाऱ्या या भागाचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपविण्यात आले आहेत. खंडाचा भुर्दंड पडतो तो येथे.

खंड चालकाचा नव्हे, विमापत्राचा

ब्रिटनसारख्या देशांत विमा कंपन्या चालकाचे वय, अनुभव आणि पूर्वेतिहास पाहून हप्ता ठरवितात, आणि साधारण दोन वर्षे विमा नसल्यास पूर्वीची सवलत मान्य करीत नाहीत. आपल्याकडे हप्ता प्रामुख्याने वाहनाची क्षमता, वय, मूल्य आणि नोंदणीचे ठिकाण यांवर आधारलेला असतो. म्हणून पाच वर्षे गाडी न चालविलेल्या व्यक्तीला केवळ त्या कारणाने जादा हप्ता सहसा पडत नाही. मात्र विमापत्राची मुदत संपून ते तसेच राहिले, तर ‘नो क्लेम बोनस’ ही मोठी सवलत हातची जाते.

भरपाईचा दावा न केलेल्या एका वर्षानंतर स्वनुकसान हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के असे तिचे प्रमाण वाढते. विम्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण न केल्यास साठलेली सर्व सूट नष्ट होते. या ९० दिवसांत केवळ सवलत सुरक्षित राहते. विम्याचे संरक्षण मात्र मुदत संपताच थांबते, हे विसरता कामा नये. शिवाय नव्याने सर्वसमावेशक विमा उतरविण्यापूर्वी कंपनी वाहनाची तपासणी करते.

एक हिशेब

समजा, १,२०० घन सेंटिमीटरच्या एका मोटारीचा स्वनुकसान हप्ता सवलतीविना ६,००० रुपये आहे. ५० टक्के सूट असल्यास तो ३,००० रुपये होतो. तृतीय पक्षाचे ३,४१६ रुपये मिळवून करापूर्वी एकूण ६,४१६ रुपये भरावे लागतात. सूट गेल्यास हीच रक्कम ९,४१६ रुपये होते. सूट पुन्हा पायरीपायरीने मिळवावी लागत असल्याने जादा भार पहिल्या वर्षी ३,०००, नंतर १,८००, १,५००, ९०० आणि ३०० रुपये असा पाच वर्षे पडतो. मूळ हप्ता स्थिर धरला, तर एकूण तोटा ७,५०० रुपये होतो.

याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. गाडी दोन वर्षे उभी ठेवून विमा चालू ठेवल्यास तेवढ्या काळात १२,८३२ रुपये भरावे लागतील. अर्थात केवळ सवलत टिकविण्यासाठी दीर्घकाळ हप्ते भरणे किफायतशीर नाही. विमा चालू ठेवण्याची खरी कारणे निराळी आहेत.

उभ्या गाडीचे धोके

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा २५ मार्च ते ३ मे या काळात मुदत संपणारा तृतीय पक्ष विमा १५ मेपर्यंत नूतनीकृत करण्याची मुभा केंद्र शासनाने दिली. ही मुभा संपल्यावर १९ दिवसांनी, ३ जून रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, झाडे उन्मळून पडली. पुढील वर्षी जुलैमध्ये शेजारच्या महाड शहरात महापूर आला. उभ्या गाडीवर झाड कोसळले वा ती पाण्यात बुडाली, तर भरपाई स्वनुकसान विम्यातूनच मिळू शकते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. गणेशोत्सवात वा शिमग्याला गावी आलेला पुतण्या किल्ली मागून घेतो आणि बाजारापर्यंत जाऊन येतो. विमा नसताना अशा फेरीत अपघात झाला, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई चालकास व मालकास स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. त्यासाठी शेत वा घर विकण्याची पाळी येऊ शकते; आणि मालकाची ऐपत नसेल, तर अपघातग्रस्ताचे कुटुंब भरपाईला मुकते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनाविमा वाहनासाठी पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

परतणाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

प्रथम चालक परवाना तपासावा. मुदत संपून एक वर्षापेक्षा अधिक काळ लोटला असल्यास नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. माणगावकरांसाठी हे काम पेण येथील परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येते. वैध परवान्याविना केलेला स्वनुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

दीर्घकाळ बाहेरगावी जाणाऱ्याने गाडी विकल्यास विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे प्रमाणपत्र अवश्य घ्यावे. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. या प्रमाणपत्राच्या आधारे तीन वर्षांपर्यंत तो नव्या गाडीसाठी वापरता येतो. याच कारणाने जुनी गाडी विकत घेणाऱ्यास आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. परदेशातील विम्यावर मिळविलेला बोनसही, तेथील विमा संपल्यापासून तीन वर्षांच्या आत पुराव्यासह सादर केल्यास, विचारात घेण्याची तरतूद मोटार विमा दरपत्रकात आहे.

ज्यांची गाडी वर्षातून थोडीच चालते, त्यांनी वापरानुसार हप्त्याच्या योजनेची चौकशी करावी. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये अशा योजनांस परवानगी दिली आहे.

ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षकांनी ही माहिती गावापर्यंत पोहोचविल्यास मोठे काम होईल. गणेशोत्सवापूर्वीच्या ग्रामसभेत विम्याची मुदत व परवाना तपासण्याची आठवण दिली, तरी पुष्कळ साधेल. चालविण्यात खंड पडला तरी चिंता नाही. विम्याविना गाडी रस्त्यावर मात्र कधीही येऊ नये.