हा लाँगची बेटे आणि वणीचा दगड

यवतमाळ : व्हिएतनामच्या सहलीच्या जाहिरातीत हिरव्या पाण्यातून सरळ वर उठलेल्या सुळक्यांचे छायाचित्र हमखास असते. ते असते हा लाँग उपसागराचे. हे सुळके चुनखडकाचे आहेत आणि त्याच जातीचा दगड यवतमाळ जिल्ह्यात वणी व झरी जामणी तालुक्यांच्या भूगर्भात आहे. राजूरच्या भट्ट्यांत तो भाजून चुना होतो, मुकुटबनच्या कारखान्यात त्याचे सिमेंट होते. मग तेथे बेटे आणि येथे खाणी, असे का?

चुनखडक पाण्यात विरघळतो, हे या कोड्याचे मूळ आहे. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी बनते, भेगांत शिरते आणि त्या रुंदावत नेते. हा लाँगचा खडक सुमारे ३४ ते २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचला. त्याचे थर हजार मीटरहून जाड. भूहालचालींनी तो उचलला गेला, तडकला, आणि उष्ण, दमट हवामानातील पावसाने तो कोरून काढला. मधला दगड वाहून गेला, सुळके राहिले. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला आणि दऱ्या बुडाल्या. पर्यटकांची नौका जाते ती या बुडालेल्या दऱ्यांमधून.

वणी परिसरातील चुनखडक यापेक्षा कितीतरी जुना, शंखशिंपल्यांचे जीव निर्माण होण्याआधीच्या समुद्रातील आहे. त्याच्या बऱ्याच भागावर आधी कोळशाचे थर असलेले खडक आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा साचला. झाकलेल्या दगडावर पावसाला हात फिरवता आला नाही. शिवाय समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर!

हा लाँगमध्ये सुमारे १,६०० लहानमोठी बेटे आहेत. युनेस्कोने १९९४ मध्ये निसर्गसौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी या उपसागराला जागतिक वारशाचा मान दिला. २०२३ मध्ये शेजारच्या कॅट बा बेटांचाही त्यात समावेश झाला. नौकासफर काही तासांची असते किंवा एक-दोन रात्रींची. मुक्कामाच्या नौकेवरून सुंग सॉत गुहा पाहता येते. तेथे छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून झुंबरे लोंबली आहेत. सोव्हिएत अंतराळवीर तितोव यांचे नाव दिलेल्या ती तोप बेटाच्या पायऱ्या चढल्या, की सारा उपसागर नजरेत येतो. कमानीसारख्या बोगद्यांतून बांबूच्या होडीने आत जाता येते. सुळक्यांच्या पायथ्याशी लाटांनी पोखरलेली आडवी खाच अवश्य पाहावी. दगड अजूनही झिजतो आहे, याची ती खूण. पाण्यावर तरंगणाऱ्या घरांत राहणाऱ्या कोळी कुटुंबांना मात्र २०१४ मध्ये जमिनीवर वसविण्यात आले. त्यामुळे आज दिसणारे तरंगते गाव मुख्यतः पर्यटकांसाठीच उरले आहे.

वणीकरांना ओळखीची वाटेल अशी आणखी एक गोष्ट तेथे आहे. हा लाँग ज्या क्वांग निन्ह प्रांतात येतो, तो व्हिएतनामचा प्रमुख कोळसा प्रांत. जागतिक वारशाच्या समोरच्याच किनाऱ्यावर कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. त्यांचा गाळ व धूळ पाण्यात उतरते, ही तेथील जुनी चिंता. फरक इतकाच, की तेथे सुळके उभे असल्याने काय गमवायचे आहे ते सर्वांना दिसते. वणीचा दगड जमिनीखाली असल्याने खाण खोल होते तेव्हाच तो दिसतो, आणि तोवर तो भट्टीच्या वाटेला लागलेला असतो.

सहल ठरविताना ऋतू पाहणे अत्यावश्यक आहे. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात येथे पर्यटकांची नौका उलटून ३५ हून अधिक जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने अनेक नौका बुडविल्या होत्या. जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. जानेवारी-फेब्रुवारीत धुके दाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात चांगले. हवामान बिघडल्यास बंदर प्रशासन नौका सोडत नाही. तेव्हा परतीचे विमान दुसऱ्याच दिवशी ठेवू नये आणि सफर रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची अट आरक्षणापूर्वीच लेखी घ्यावी. जीवरक्षक जॅकेट कोठे आहेत, हे नौकेत पाय ठेवताच विचारून घ्यावे.