दस्त्याखालचा आकडा

नोव्हेंबर २०१४. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये पुरातत्त्व विभागाची मंडळी डोंगरउतारावर पाहणी करत होती. एका जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली बंदूक त्यांच्या नजरेस पडली. दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं, लाकूड ऊनपावसानं करडं पडून तडकलेलं, नळी गंजून खोडाच्याच रंगाची झालेली. कुणीतरी ती क्षणभर बाजूला ठेवली आणि परत आलाच नाही.

बंदुकीवर ‘मॉडेल १८७३’ अशी अक्षरं होती आणि खालच्या पट्टीवर अनुक्रमांक. तेवढ्यावरून वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयानं सांगितलं, की ही विंचेस्टर १८८२ साली तयार झाली आणि त्याच वर्षी गोदामातून बाहेर पडली. कुणाकडे गेली, ते कंपनीच्या चोपडीत नव्हतं. त्या एका वर्षात कंपनीनं या मॉडेलच्या २५,०००हून अधिक बंदुका बनवल्या होत्या. १८७३मध्ये ५० डॉलरला मिळणारी बंदूक तोवर २५ डॉलरवर आली होती. म्हणजे ही कुणा सरदाराची मिरवायची वस्तू नव्हे. गुराखी, खाणमजूर, शिकारी, कुणाकडेही असू शकणारी.

पुढे संग्रहालयात एक्स-रे काढला, तेव्हा दस्त्यातल्या पोकळीत एक काडतूस सापडलं. बंदूक साफ करायची सळई ठेवण्यासाठी ही पोकळी असते. काडतूस १८८७ ते १९११ या काळातल्या बनावटीचं निघालं. म्हणजे १८८२ हा बंदुकीचा जन्म झाला. ती झाडाला टेकवली गेली ती निदान पाच वर्षांनी, कदाचित तीस वर्षांनी. जुन्या लिव्हर रायफलींचा काळ ठरवण्याचं सगळं शास्त्र या एका उदाहरणात आहे. वहीतला आकडा एक गोष्ट सांगतो, वस्तू दुसरी, आणि दोन्ही खऱ्या असतात.

चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर ओढली की नवं नळीत जातं. ही लिव्हर रायफल. ज्याच्या नावानं ती जगभर ओळखली जाते त्या ऑलिव्हर विंचेस्टरनं स्वतः एकही बंदूक शोधून काढली नाही. न्यू हेवनमध्ये त्याचा सदरे शिवण्याचा कारखाना होता. बुडत चाललेल्या एका बंदूक कंपनीत त्यानं पैसे घातले. डोकं चालवलं बेंजामिन टायलर हेन्री या त्याच्याकडच्या कारागिरानं. हेन्रीचं पेटंट १८६०चं. मग पितळी चमकेची मॉडेल १८६६, लोखंडी चौकटीची १८७३, आणि त्यानंतर जॉन ब्राउनिंग या अफाट माणसाच्या १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५. मार्लिन आणि सॅव्हेज हे स्पर्धकही तोलामोलाचे. पण संग्राहकांचा जीव अडकतो तो विंचेस्टरमध्ये, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे तिच्या चोपड्या जगल्या.

या चोपड्या आता कोडीच्या संग्रहालयात आहेत; तिथे अनुक्रमांक कळवून फी भरली की पत्र येतं. संग्राहकांच्या बोलण्यात ते नुसतं ‘कोडी लेटर’. त्यात काडतुसाचा प्रकार, नळी गोल की अष्टकोनी, चाप कोणता, हे असतं. आणि तारखाही असतात. अंक कधी ठोकला, गोदामात कधी आली, रवाना कधी झाली. कधीकधी या तारखांत महिन्यांचं नव्हे, वर्षांचं अंतर पडतं. मग बंदूक नेमकी कधीची म्हणायची?

हा प्रश्न कोर्टकचेरीचाही आहे. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘प्राचीन’ ठरतं आणि केंद्राच्या बऱ्याचशा नियमांतून सुटतं. त्यामुळे १८९८ची मॉडेल ९४ (म्हणजे १८९४) आणि १८९९ची मॉडेल ९४ हातात घेतल्यावर सारख्याच वाटल्या, तरी बाजारात त्या वेगळ्या. आपल्याकडे ही चैन नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे असा छंद इथे बहुधा पुस्तकांतूनच जोपासावा लागतो.

१९०७च्या पुढच्या बंदुकांसाठी या तपशीलवार चोपड्या जवळजवळ नाहीतच. तिथे अनुक्रमांकांचे तक्ते उपयोगी पडतात. जॉर्ज मॅडिस यांचं १९६१चं ‘द विंचेस्टर बुक’ कित्येक वर्षं या क्षेत्रात प्रमाण मानलं गेलं. पुढे कारखान्याच्या पॉलिशिंग विभागाच्या नोंदी अभ्यासकांच्या हाती आल्या. चौकटीवर अंक पडायचा तो त्याच विभागात. त्या नोंदी मॅडिस यांच्या तक्त्यांशी सगळीकडे जुळेनात. आज जाणकार पॉलिशिंगच्या नोंदींवर भरवसा ठेवतात, पण जुन्या पुस्तकावरून तारीख सांगणारे विक्रेते अजून भेटतात. माझ्या मते यात लबाडीपेक्षा आळस जास्त असतो.

आकड्याशिवायही बंदूक बोलते. मॉडेल १८७३च्या माथ्यावर धूळ अडवणारं सरकतं झाकण असतं. पहिल्या बंदुकांत ते चौकटीतच कोरलेल्या खाचांत सरकायचं. मग स्क्रूनं बसवलेली वेगळी पट्टी आली. शेवटी ती पट्टी चौकटीच्याच लोखंडातून घडवली जाऊ लागली. नळीवरचा लंबगोलातला ‘डब्ल्यू पी’ हा चाचणीचा शिक्का १९०५च्या सुमारास सुरू झाला. तो १८८५च्या बंदुकीवर दिसला तर नळी नंतर बदललेली असते किंवा बंदूक कारखान्यात परत जाऊन आलेली असते. मॉडेल ९४मध्ये १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी घडणीत बदल केले गेले, तेव्हापासून ‘प्री-६४’ हा शब्द किमतीच्या चिठ्ठीवर स्वतंत्रपणे झळकू लागला. मात्र ही चिन्हं पंचांगासारखी वाचून चालत नाही. कारखान्यात जुने भाग कुणी फेकत नसे. डब्यात उरलेली जुनी दृष्टिपट्टी नव्या नळीवर चढायची, आणि अशी ‘चुकीची’ बंदूकच कधीकधी सगळ्यांत अस्सल असते.

नवख्या माणसाचा पहिला मोह म्हणजे गंज घासून नवी निळी झिलई चढवणं. त्यानं किंमत वाढत नाही, कोसळते. जाणकार आधी स्क्रूच्या खाचा बघतो. त्या चेपलेल्या असतील तर बंदूक कुणीतरी उघडलेली आहे. मग अक्षरांच्या कडा. पॉलिशच्या चाकाखाली गेलेल्या अक्षरांची धार जाते, ती पुन्हा येत नाही.

सगळ्यांत मोठा मोह ‘वन ऑफ वन थाउजंड’चा. १८७५च्या सुमारास कंपनीनं जाहीर केलं, की चाचणीत ज्या नळ्यांचा नेम असाधारण ठरेल त्यांच्या खास बंदुका करून हे शब्द कोरले जातील, किंमत १०० डॉलर. मॉडेल १८७३च्या अशा बंदुका जेमतेम १३०च्या आसपास झाल्या. १९५०मध्ये जेम्स स्ट्युअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’ हा चित्रपट आला, त्याच्या प्रसिद्धीसाठी स्टुडिओनं या बंदुकांचा देशभर शोध मांडला, आणि माळ्यांवरच्या, विसरलेल्या काही खरोखर बाहेर आल्या. त्यानंतर नकलाही आल्या, कारण साध्या नळीवर चार शब्द कोरायला कितीसा वेळ लागतो? इथे मात्र कोडीचं पत्र निर्णय देतं: नोंदीत ते शब्द नाहीत, तर नळीवर काहीही असो.

पत्र जिथे गप्प बसतं तिथे बाजार सुटतो. चोपडी गोदामाच्या दारापर्यंतच. पुढे बंदूक कुणी वापरली, कुणावर रोखली, याची नोंद कुणी ठेवली नाही. दस्त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी आणि कातड्याची बांधणी असलेल्या बंदुका मूळनिवासी योद्ध्यांच्या म्हणून विकल्या जातात. त्यांतल्या काही खऱ्या आहेत, पण खिळे ठोकायलाही फार वेळ लागत नाही. जून १८७६मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि शायन योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर होत्या, तर अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टरच्या सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन. १९८३मध्ये तिथलं गवत जळालं. पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी उत्खनन केलं, शेकडो रिकाम्या काडतुसांवरच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या, आणि एकेक बंदूक मैदानावर कुठून कुठे सरकली हे मांडलं. हेन्रीच्या आणि मॉडेल १८६६च्या आघातकाडीला (फायरिंग पिनला) दोन टोकं असतात, त्यामुळे काडतुसाच्या कडेवर समोरासमोर दोन ठसे उमटतात, आणि टोकांची झीज बंदुकीगणिक निराळी. म्हणजे लिटल बिगहॉर्नला चाललेली हेन्री असा दावा आज तपासून पाहण्याची वाट आहे: एक गोळी झाडायची आणि ठसे जुळतात का ते बघायचं. जुळले नाहीत तर दावा लगेच खोटा ठरेलच असं नाही, कारण मैदानातलं प्रत्येक काडतूस काही सापडलेलं नाही. तरी आपल्याकडची बंदूक त्या तपासणीला स्वखुशीनं देणारे विक्रेते फार असतील, यावर मी पैज लावणार नाही.