राज्याचा जमाखर्च (लेखांक सहावा) : मंजूर मर्यादा आणि वर्षाच्या मधल्या वाटा

मार्चच्या अधिवेशनात विधानसभा एकेका खात्याची अनुदानाची मागणी कशी मंजूर करते आणि विनियोजन अधिनियमाने राज्याच्या एकत्रित निधीतून रक्कम काढण्याची मुभा शासनाला कशी मिळते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. त्या अधिनियमाने आखून दिलेली मर्यादा शिष्टाचाराची नसून कायद्याची असते. तिच्याबाहेर एक रुपयाही खर्चण्याचा अधिकार मंत्र्याला नाही, सचिवाला नाही आणि जिल्ह्यातल्या कचेरीत देयकावर सही करणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला तर मुळीच नाही. परंतु पाऊस काही विनियोजन अधिनियम वाचून पडत नाही, आणि म्हणूनच मार्चमध्ये बांधलेली मर्यादा वर्षाच्या मध्यावर कायद्याने कशी हलवावी, याचीही सोय घटनाकारांना करून ठेवावी लागली.

सोलापूरकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्याची गणना पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणप्रवण मुलखात होत आली, त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने पात्र सोडले. करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतली उभी पिके पाण्याखाली गेली, काही ठिकाणी तर पिकाखालची मातीच वाहून गेली, आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला. पाणी ओसरताच तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला बाहेर पडले. त्यांचे कागद तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून पुण्याला विभागीय आयुक्तांकडे आणि शेवटी मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे पोहोचले. ७ ऑक्टोबरला राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत घोषित केली. अंदाजपत्रकात नैसर्गिक आपत्तीसाठी २२४५ क्रमांकाचे प्रमुख शीर्ष असते आणि त्याखाली दरवर्षी काही तरतूदही असते. परंतु मार्चमध्ये केलेला अजमास हा सप्टेंबरच्या महापुराला पुरणारा नव्हे, हे सांगायला कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. मग घोषणेमागचा पैसा येतो कोठून?

पहिली वाट खात्याच्या घरातलीच आहे आणि तिला पुनर्विनियोजन म्हणतात. एकाच मागणीतील एका शीर्षाखाली बचत दिसत असेल आणि दुसऱ्याखाली तूट, तर सभागृहाकडे न जाता ती रक्कम इकडून तिकडे वळवता येते. मात्र या वाटेवर चौक्या पुष्कळ आहेत. एका मागणीतला पैसा दुसऱ्या मागणीत नेता येत नाही. भारित, म्हणजे सभागृहाच्या मताला न टाकल्या जाणाऱ्या, खर्चाची रक्कम दत्तमत, म्हणजे मताने मंजूर होणाऱ्या, खर्चाकडे किंवा दत्तमताची भारिताकडे वळवता येत नाही. महसुली आणि भांडवली यांची सरमिसळ चालत नाही. आणि विधिमंडळाने जी बाब कधी पाहिलीच नाही, त्या नवीन बाबीवर तर असा पैसा घालताच येत नाही. असा प्रस्ताव हाती घेतला, की शीर्षापुढे मंजूर अनुदान, आजवरचा खर्च, अपेक्षित बचत आणि हवी असलेली वाढ अशा रकमा ओळीने मांडलेल्या दिसतात; पण जाणता लेखाधिकारी प्रथम पाहतो ते बचतीचे कारण. पदे रिक्त राहिली म्हणून वेतनात बचत झाली असेल तर ती समजण्यासारखी. परंतु निविदाच वेळेवर निघाली नाही म्हणून राहिलेली रक्कम ही बचत नव्हे, ती दिरंगाई होय.

दुसरी वाट राज्यघटनेच्या २६७व्या अनुच्छेदातील आकस्मिकता निधीची. अधिवेशन चालू नाही आणि खर्च तर थांबण्याजोगा नाही, अशा वेळी या निधीतून अग्रिम घेता येते. महाराष्ट्रात या निधीचे कायम भांडवल १५० कोटी रुपयांचे. मोठे संकट आले की अध्यादेश काढून ते तात्पुरते वाढवावे लागते. ही रक्कम तसलमातीच्या जातीची असते, म्हणजे पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर करून घेऊन ती निधीला परत भरावी लागते.

तिसरी, आणि खरी राजमान्य वाट म्हणजे अनुच्छेद २०५ची पुरवणी मागणी. ८ डिसेंबर २०२५ रोजी नागपूरच्या अधिवेशनात ७५,२८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्यांत सुमारे २७,१६७ कोटी अनिवार्य खर्चाचे, ३८,०५९ कोटी कार्यक्रमांवरील आणि १०,०५९ कोटी केंद्र पुरस्कृत योजनांचे होते. या आकड्यांकडे पाहताना स्थूल आणि निव्वळ यांतला भेद वाचकाने विसरू नये; कारण ज्या खर्चापोटी केंद्राचा पैसा येणार असतो, किंवा जो दुसरीकडच्या बचतीतून भागतो, तो वजा जाता तिजोरीवरचा निव्वळ भार ६४,६०५ कोटींचा सांगितला गेला.

चौथी वाट उलट दिशेची आहे: मर्यादा वाढवण्याची नव्हे, आवळण्याची. करोनाच्या पहिल्या लाटेत महसूल आटला, तेव्हा ४ मे २०२०च्या शासन निर्णयाने खात्यांचा विकासखर्च मंजूर तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणून ठेवला. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा आणि मदत व पुनर्वसन यांना अग्रक्रम मिळाला. यासाठी सभागृहाची संमती लागली नाही, कारण विधानसभेचा ठराव खर्चाची कमाल सीमा ठरवतो, किमान नव्हे. सामान्य नागरिकाच्या ध्यानात न येणारी गोष्ट हीच, की अंदाजपत्रकात छापलेली तरतूद म्हणजे हाती आलेला निधी नव्हे.

पेशवाईत महालाचा कारभार पाहणाऱ्या कमाविसदाराला सालाच्या आरंभी बेहेडा, म्हणजे जमाखर्चाचा अजमास, ठरवून मिळत असे आणि त्याबाहेरचा खर्च हुजुरातून मंजुरी आल्याखेरीज हिशेबात मजुरा पडत नसे. तत्त्व तेव्हाही हेच होते: अडचण आली तर मर्यादा हलवावी, परंतु ज्याने ती घातली त्याच्या संमतीने. आज ती संमती विधानसभेची आहे. वर्ष संपल्यावर मर्यादेपलीकडचा खर्च आढळला, तर महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून लोकलेखा समिती त्याची छाननी करते आणि मगच तो नियमित करून घेता येतो.

प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. २०२४-२५ मध्ये जुलैत ९४,८८९ कोटी, डिसेंबरात ३५,७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६,४८६ कोटी, मिळून १,३७,१६३ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा, आणि त्याच वर्षी पावसाळी व हिवाळी या दोन अधिवेशनांतल्या पुरवण्याच १,३२,७९६ कोटींच्या. महापुरासाठी पुरवणी मागणे हा राज्यकर्त्याचा धर्मच आहे. परंतु अर्थसंकल्प मंजूर होऊन चार महिने उलटण्यापूर्वीच जो खर्च मागावा लागतो, त्याची चाहूल मार्चमध्ये नव्हती असे मानणे कठीण. पुरवणी मागण्या जितक्या फुगतील, तितकी मूळ अर्थसंकल्पावरची चर्चा पोकळ ठरत जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर हाच खेळ लहान पटावर चालतो. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ज्या यंत्रणांनी वेळेत खर्चला नाही, त्यांच्याकडून तो काढून वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत दुसऱ्या कामांकडे वळवला जातो. उरला तो ३१ मार्चच्या आत शासनाला समर्पित होतो, आणि ज्या गावाच्या रस्त्यासाठी तो मूळ धरलेला असतो त्या गावाला याची खबरही नसते. म्हणून सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मार्चच्या भाषणावर टाळ्या वाजवून किंवा टीका करून थांबू नये. आपल्या तालुक्याच्या नावे मंजूर झालेल्या रकमेपैकी किती हाती आली, किती खर्च झाली आणि किती वळवली गेली, हे जानेवारीतच पंचायत समितीला आणि जिल्हा नियोजन समितीवरच्या आपल्या सदस्यांना विचारावे, कारण एप्रिलमध्ये विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले तरी पैसा मिळत नाही. पुढील लेखांकात लोकलेखा समितीच्या कामकाजाचा विचार करू.