मुलाचा केसपेपर हाही सातबाराच समजा

आमच्या खात्याच्या माणसानं लिहायचं म्हणजे बी-बियाणं, खतं, कीड-रोग नाहीतर ठिबक. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण तो शेताच्या बांधावरच निघाला, म्हणून शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

गेल्या रब्बीत वैरागच्या बाजूला एका गावात ज्वारीची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी झाल्यावर एका आण्णांनी चहाला घरी नेलं. त्यांना दोन एकरांवर ठिबक करायचं होतं. सातबारा पाहिला, तर त्या दोन एकरांवर धाकट्या मुलाचं नाव. आजोबांनी मृत्युपत्रानं नातवाला दिलेली जमीन. पुढं अ.पा.क. म्हणून आण्णांचं नाव, म्हणजे अज्ञान मुलाचे पालनकर्ते. पण मुलगा आता एकोणीस वर्षांचा. जन्मापासून त्याची समज कमी, त्यात फेफरं येतं. सही करता येत नाही, कशावर करायची ते कळत नाही.

"सायेब, आता माझी सही चालत न्हाई म्हनत्यात," आण्णा म्हणाले. "भावकीतलं एक जण म्हनतंय, पोराचा अंगठा घ्या नि हक्कसोड करून टाका. पन मग आमी दोघं गेल्यावर ह्याच्या वाट्याचं काय ऱ्हाईल?"

मी म्हटलं, "आण्णा, अंगठ्याचं मनातसुद्धा आणू नका. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचा अंगठा कायद्यात टिकत नाही, आणि पोराचं नुकसान होतं ते वेगळंच. मुलाचे दवाखान्याचे कागद दाखवा."

वहिनींनी पेटी उघडली. सातबारा, आठ-अ, फेरफार, सोसायटीच्या पावत्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेलं. मुलाच्या एकोणीस वर्षांच्या औषधपाण्याचे मात्र दोनच कागद निघाले. बाकीचे उंदरांनी खाल्ले, काही घर बदलताना गेले. दिव्यांग प्रमाणपत्र नव्हतंच. एकदा आण्णा मुलाला घेऊन सत्तरेक किलोमीटर एसटीनं गेले होते. त्या दिवशी तपासणीचा वार नव्हता. रोज बुडाला, मुलाला वाटेत फेफरं आलं, आणि परत जायची हिंमत झाली नाही.

वाचकहो, हे एका घराचं नाही. आपल्याकडे दवाखाना वेगळा, तहसील वेगळी, कोर्ट वेगळं. आजारी मुलाची आई या तिन्ही दारांत एकटी फिरते. खरं पाहता या मुलांचा हक्काचा प्रत्येक कागद डॉक्टरच्या लिखाणापासूनच सुरू होतो. म्हणून कायद्याची मदतही दवाखान्यापासूनच मिळाली पाहिजे.

बोस्टनच्या डॉक्टरांनी काय केलं?

अमेरिकेत बोस्टन शहरात सरकारी दवाखान्यातले मुलांचे डॉक्टर बॅरी झुकरमन यांनी १९९३ साली दवाखान्यातच वकील बसवले. कारण साधं होतं. दम्याच्या मुलाला औषध द्यायचं, आणि ते परत ओल आलेल्या, बुरशी लागलेल्या खोलीत जायचं. घरमालकाला दुरुस्ती करायला लावणं हे डॉक्टरचं काम नव्हतं, वकिलाचं होतं. पुढं ही पद्धत तिकडच्या अनेक दवाखान्यांनी उचलली.

आपल्या बार्शीलाही वाट न पाहता घरापर्यंत जाण्याची सवय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावोगावी माणसं जाऊन रुग्ण शोधू लागली. रोगी येईल तेव्हा लिहू, असं म्हणून ती मंडळी बसून राहिली नाहीत. दिव्यांग मुलांच्या बाबतीतही तीच रीत हवी.

पहिलं काम : तपासणी आणि कागद

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मूल उशिरा बसतंय, बोलत नाही, आवाजाला वळून पाहत नाही, अशी शंका असेल तर त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. लोक काय म्हणतील म्हणून लपवलेलं मूल तपासणीतून सुटतं, आणि मग हक्कातूनही सुटतं.

डॉक्टरांना नम्रपणे सांगा की आजाराचं नाव, तारीख आणि कधीपासून त्रास आहे ते स्पष्ट लिहा. मूळ कागद पिशवीत, झेरॉक्स वेगळी. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना जरूर भेटा. कोणत्या वारी कोणती तपासणी असते हे अगोदर विचारून मगच निघा, म्हणजे आण्णांसारखी खेप वाया जाणार नाही.

दुसरं काम : प्रमाणपत्र आणि ओळखपत्र

१९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते एकवीस झाले. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हेही आहेत. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, सेतू केंद्रात भरून मिळतो. प्रमाणपत्रासोबत वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं.

दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना यांनाही हाच कागद लागतो. दिव्यांगत्व नाही असं ठरलं तर ते लेखी कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं.

तिसरं काम : फुकट वकील

हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती, लहान मुलं आणि स्त्रिया यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे मुलाच्या आईनं अर्ज केला तरी चालतो. बार्शीच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडं जावं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. अर्ज लिहून देणं, अपील करणं, सल्ला देणं हे सगळं त्यात येतं. कोर्टात केस असलीच पाहिजे असं नाही.

चौथं काम : अठरा पूर्ण होण्याआधी पालकत्वाची तयारी

जमीनवाल्या घरांनी हे नीट वाचावं. मूल अज्ञान असेपर्यंत आईबाप नैसर्गिक पालक असतात, तरीही कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याची जमीन विकता येत नाही. अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तो सज्ञान, आणि अ.पा.क. चा अधिकार संपतो.

अशा वेळी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ उपयोगी पडतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी तो आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं आईबाप किंवा नातेवाईक कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते.

मात्र पालक होणं म्हणजे मालक होणं नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि दरवर्षी हिशोब. आण्णांना हे सांगितल्यावर त्यांना उलट बरंच वाटलं. "म्हंजी आमच्या माघारी कुनी खाऊ म्हनलं तरी हिशोब द्यावा लागंल," ते म्हणाले.

गावकारभाऱ्यांना विनंती

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो वर्षाअखेर घाईनं संपवण्यापेक्षा कुणाला कशाची गरज आहे याची यादी आधी करावी. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी आशाताई, अंगणवाडीताई यांच्याकडून गावातल्या अशा मुलांची नावं घ्यावीत. प्रत्येकापुढं तीनच रकाने करावेत : प्रमाणपत्र आहे का, कार्ड आहे का, वय किती. सोळा-सतराच्या पुढच्या मुलांच्या घरी पालकत्वाचं बोलणं आत्ताच काढावं. तलाठी भाऊसाहेबांनी सातबाऱ्यावर अ.पा.क. दिसलं की त्या घराला एकदा विचारावं. तालुका विधी सेवा समितीला पत्र दिलं तर गावात कायद्याचं शिबिर होऊ शकतं. ते बाल तपासणी पथकाच्या दिवशीच ठेवलं, तर डॉक्टर आणि वकील एकाच ओट्यावर भेटतील.

आण्णांचं पुढं काय झालं ते सांगतो. मी आणि आशाताईंनी वार विचारून घेतला, गावातल्याच जीपनं मुलाला नेलं. दोन खेपा लागल्या, पण प्रमाणपत्र हाती आलं. विधी सेवेच्या वकिलांनी पालकत्वाचा अर्ज लिहून दिला, फी घेतली नाही. अर्ज जिल्ह्याला गेला आहे, निकाल यायचा आहे. ठिबकचं काम तोवर थांबलं आहे. ते पुढच्या हंगामात करता येईल. हक्कसोड झाली असती तर ती परत फिरवायला कोर्टात किती वर्षं गेली असती, कोण जाणे.

परवा पुन्हा त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी पेटी उघडून दाखवली. मुलाचे कागद आता सातबाऱ्याच्याच पिशवीत आहेत. आपल्या घरातली पिशवीही आज संध्याकाळी एकदा उघडून पाहावी.