आभासी खाजगी लॅन सेवेतील स्वयंचलित संकेतन

आभासी खाजगी लॅन सेवा (व्हीपीएलएस) ही एकमेकांपासून दूर असलेली कार्यालये एकाच स्थानिक जाळ्यात असल्याप्रमाणे जोडणारी इथरनेट सेवा आहे. सेवा पुरवठादाराच्या जाळ्याच्या सीमेवरील राउटर (पीई राउटर) परस्परांना आपोआप शोधतात व लागणारी लेबले एकमेकांना कळवतात. या दोन क्रियांना अनुक्रमे स्वयंशोध व संकेतन म्हणतात.

गरज

समजा, एका संस्थेची कार्यालये जळगाव, धुळे व नंदुरबार येथे आहेत. प्रत्येक पीई राउटरची इतर प्रत्येकाशी थेट जोडणी, म्हणजे स्यूडोवायर, आवश्यक असते. तीन ठिकाणांसाठी ३ जोडण्या पुरतात. वीस ठिकाणांसाठी मात्र १९० लागतात. फ्रेम चक्राकार फिरू नयेत म्हणून एका स्यूडोवायरवरून आलेली फ्रेम दुसऱ्या स्यूडोवायरवर पाठवली जात नाही (स्प्लिट होरायझन नियम). त्यामुळे जळगाव–धुळे जोडणी करायची राहिली, तर नंदुरबारमार्गे फ्रेम पोहोचत नाही. इतर सर्व सुरळीत असूनही तेवढ्या दोन कार्यालयांचा संपर्क तुटलेला राहतो. हाताने केलेल्या मांडणीत अशी चूक सहज होते.

बीजीपी पद्धत

ही पद्धत आरएफसी ४७६१ (जानेवारी २००७) मध्ये दिली आहे. यात शोध व संकेतन एकाच संदेशातून होतात. एका ग्राहकाच्या सर्व ठिकाणांना समान रूट टार्गेट व प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र क्रमांक (व्हीई आयडी) दिला जातो. राउटर प्रत्येकासाठी वेगळे लेबल न कळवता लेबलांचा एक सलग गट जाहीर करतो. पाठवणारा राउटर आपले लेबल पुढीलप्रमाणे काढतो:

लेबल = गटाचे पहिले लेबल + स्वतःचा क्रमांक − गटाचा आरंभ क्रमांक

जळगावने पहिले लेबल ५०००, आरंभ क्रमांक १ व गटाचा आकार ८ असे जाहीर केल्यास धुळे (क्रमांक २) ५००१ व नंदुरबार (क्रमांक ३) ५००२ हे लेबल वापरतो. लेबल पाहताच फ्रेम कोठून आली हे जळगावला कळते व त्यावरून तो मॅक पत्ते शिकतो. शहाद्याला क्रमांक ४ देऊन नवे कार्यालय जोडल्यास जुन्या राउटरांत बदल करावा लागत नाही.

एलडीपी पद्धत

आरएफसी ४७६२ (जानेवारी २००७) नुसार पीई राउटरांच्या प्रत्येक जोडीत एलडीपी सत्र उघडून लेबले कळवली जातात. या पद्धतीत स्वयंशोधाची यंत्रणा ठरवून दिलेली नाही. शोध बीजीपीने व संकेतन एलडीपीने करण्याची पद्धत आरएफसी ६०७४ (जानेवारी २०११) मध्ये आली.

मर्यादा

स्वयंचलन चुकीची माहितीही तितक्याच तत्परतेने पसरवते. चुकीचे रूट टार्गेट दिल्यास दोन वेगळ्या ग्राहकांची जाळी एकमेकांना जोडली जाऊ शकतात व खाजगीपणा भंगतो. दोन ठिकाणांना एकच क्रमांक दिल्यास दोन्ही समान लेबल वापरतात आणि फ्रेमचा उगम ओळखता येत नाही. शिवाय मॅक पत्ते प्रत्यक्ष रहदारीतूनच शिकले जात असल्याने अपरिचित पत्त्याची फ्रेम सर्व ठिकाणी पाठवावी लागते. ईव्हीपीएन (आरएफसी ७४३२, फेब्रुवारी २०१५) या पुढील तंत्रज्ञानात मॅक पत्तेही बीजीपीद्वारे कळवले जातात.