रस्त्याबाहेरील दुचाकी अपघात आणि पादचारी : संकल्पना, कायदा व नोंद

प्रस्तावना

भारतातील अपघातविषयक चर्चा प्रामुख्याने महामार्ग, चौक आणि वाहतूक नियंत्रण यांच्याभोवती केंद्रित झालेली दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. पोलिसांकडून प्राप्त माहितीवर आधारलेल्या या अहवालाचा विषय रस्ता हाच आहे. तथापि महाविद्यालयाचे आवार, गृहनिर्माण संस्थेचा वाहनतळ, रुग्णालयाचे प्रांगण, बाजार समितीचे आवार या ठिकाणीही दुचाकी आणि पादचारी एकाच वाटेने ये-जा करतात. तेथे होणाऱ्या इजा कोणत्या संकल्पनेत मोडतात, कायदा त्यांकडे कसा पाहतो आणि त्यांची नोंद का महत्त्वाची आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनेचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दुचाकी वा तीनचाकी मोटार वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या पादचाऱ्यासाठी ‘व्ही ०२’ हा स्वतंत्र वर्ग आहे. त्याचे तीन पोटविभाग पडतात. अपघात सार्वजनिक मार्गाबाहेर घडल्यास ‘०’, सार्वजनिक मार्गावर घडल्यास ‘१’ आणि यांपैकी काहीच स्पष्ट नसल्यास ‘९’ हा अंक जोडला जातो. २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीतही हा भेद कायम आहे. म्हणजेच रस्त्याबाहेरील अपघात ही वैद्यकशास्त्राने स्वतंत्रपणे मान्य केलेली घटना आहे.

इजेची कारणमीमांसा

दुचाकीचे पुढचे चाक प्रथम प्रौढ पादचाऱ्याच्या पायावर आदळते. त्यामुळे नडगीचे हाड मोडण्याचा धोका असतो. त्यानंतर तोल जाऊन व्यक्ती जमिनीवर आपटते आणि डोक्याला मार बसतो. हा दुसरा आघात अनेकदा पहिल्यापेक्षा गंभीर ठरतो. लहान मुलांच्या बाबतीत उंची कमी असल्याने पहिलाच आघात छातीवर किंवा डोक्यावर होऊ शकतो.

आवारातील वेग कमी असतो, म्हणून धोकाही नगण्य असतो, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ८ मीटर अंतर कापते. चालकाला धोका उमगून ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला आणि ब्रेक मध्यम क्षमतेने लागले, तर वाहन थांबेपर्यंत सुमारे १५ मीटर अंतर लागते. वेग ताशी १५ किलोमीटर असल्यास हेच अंतर सुमारे ६ मीटरवर येते. वेग निम्मा झाल्यास गतिज ऊर्जा एक चतुर्थांश होते. इमारतीच्या कोपऱ्यावर किंवा उभ्या वाहनांच्या रांगेतून अचानक समोर येणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. आवाज न करणाऱ्या विद्युत दुचाकींमुळे पादचाऱ्याला मिळणारी पूर्वसूचनाही कमी झाली आहे.

कायद्याची चौकट

आवार खासगी असले म्हणजे कायदा लागू होत नाही, असे सर्रास मानले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३४) नुसार जनतेला प्रवेशाचा हक्क असलेली कोणतीही जागा, ती रहदारीचा मार्ग असो वा नसो, ‘सार्वजनिक स्थान’ ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकात विम्याच्या संदर्भात या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला. त्यानुसार खासगी मालकीच्या जागेत लोकांचा वावर असेल, तर तो मुक्त असो वा नियंत्रित, ती जागा सार्वजनिक स्थान ठरू शकते. त्यामुळे वैद्यकीय वर्गीकरणात ‘रस्त्याबाहेर’ असलेले आवार कायद्याच्या दृष्टीने ‘सार्वजनिक’ असू शकते. या दोन संज्ञांची गल्लत टाळणे आवश्यक आहे.

जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कलम १३४ मधील चालकाचे कर्तव्यही रस्त्यापुरते मर्यादित नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्ये बेदरकार वाहन चालविण्याचे कलम २८१ सार्वजनिक मार्गाशी निगडित आहे. मात्र इतरांचे जीवित धोक्यात आणणाऱ्या कृत्यासंबंधीचे कलम १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्यासंबंधीचे कलम १०६ यांना स्थळाची अट नाही.

नोंदीचा प्रश्न

आवारातील बहुसंख्य अपघात परस्पर समझोत्याने मिटविले जातात. विशेषतः चालक व जखमी एकाच संस्थेतील असतील तर. जखमी रुग्णालयात पोहोचला तरी केसपेपरवर ‘दुचाकीची धडक’ एवढेच लिहिले जाते. स्थळाचा उल्लेख नसल्याने अशी घटना ‘अनिर्दिष्ट’ गटात जमा होते. परिणामी ज्या जागी अपघात झाला, ती जागा आकडेवारीतून नाहीशी होते आणि तेथे सुधारणा करण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. स्थळ, वेळ, वाहनाचा प्रकार आणि जखमी व्यक्ती त्या वेळी काय करत होती, या चार बाबी नोंदविल्यास हे चित्र पालटू शकते.

समारोप

महाविद्यालयांच्या दृष्टीने या विवेचनातून तीन उपाय सुचतात. वाहनतळ शक्यतो प्रवेशद्वाराजवळ असावा, जेणेकरून वर्गखोल्यांपर्यंतची वाट केवळ पादचाऱ्यांची राहील. ते शक्य नसल्यास गतिरोधक व मोकळे दृष्टिक्षेत्र यांच्या साहाय्याने वेगावर मर्यादा आणावी. तसेच प्रत्येक घटनेची, किरकोळ असली तरी, स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवावी. पहिल्या दोन उपायांची गरज नेमकी कोठे आहे, हे तिसऱ्या उपायावाचून कळणार नाही. म्हणून रस्त्याबाहेरील पादचाऱ्याच्या सुरक्षिततेचा आरंभ या नोंदवहीपासूनच व्हावयास हवा.